घोटपहाडीच्या पलीकडचं पाणी

आमच्या खैरबोडीत तलावाच्या पाळीखाली ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं आहेत. त्यातलं शेवटचं घर धनीराम मारबत्याचं. त्याच्या परसातूनच जंगल चढायला लागतं, आणि जंगल जिथं संपल्यासारखं वाटतं तिथं घोटपहाडीचा माथा दिसतो. धनीरामचं सगळं आयुष्य या तलावाच्या आणि त्या माथ्याच्या मधे गेलं. लाखनीच्या बाजाराला तो जायचा, पण मासे विकून झाले की लगेच परत. एकदा मी त्याला जवाहरनगरला आमच्या क्वार्टरवर नेलं होतं. कारखान्याच्या बसगाड्या, रांगेतली घरं, नळाचं पाणी, सगळं त्यानं पाहिलं आणि संध्याकाळी म्हणाला, "लिलाधर, इथं कुठं पानीच दिसत नाही गा. सकाळी उठून तुमी पाहता तरी कोनाकडं?" दुसऱ्या दिवशी गेला.

मी शेतकऱ्याच्या घरचा, तो ढिवराच्या. गावच्या शाळेत आम्ही एकाच पट्टीवर बसायचो. पुढं त्यानं शाळा सोडली, मी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलो, निवृत्त झालो आणि गावात परतलो. तो होता तिथंच होता. त्याच्याविषयी लिहायला मला जमेल की नाही याची शंका आहे. पण गावात आज त्याच्याविषयी जे बोललं जातं ते मला अपुरं वाटतं, म्हणून जमेल तसं लिहितो.

धनीराम अंगानं काटक, रंगानं काळा, बोलायला फार कमी. पाळीवर बसून जाळं विणताना तो दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवायचा आणि समोर कुणी आलं तरी मान वर करायचा नाही. "काय गा धनीराम, भेटले का मासे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कायचे मासे! पानीच खराब हाये." आणि शेजारी टोपलीत मरळ उड्या मारत असायची. सगळेच ढिवर थोडेफार असे. मासा कुठं आहे हे जो सांगतो त्याच्या हाती मासा राहत नाही, हे त्यांना लहानपणीच कळतं. पण धनीराम सगळ्यांच्या वरचा. त्याची बायको जिजा म्हणायची, "ह्या बुढ्याले भूक लागली का म्हनून इचारलं, तं म्हन्ते, तुले कोनी सांगतलं?"

आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखंच होतं तेव्हा.

जे मला पुष्कळ उशिरा कळलं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना अडायला होणार नाही. घोटपहाडीच्या पलीकडच्या उतारावर एक अरुंद घळ आहे. वरून जांभळीची आणि आंब्याची झाडं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे माथ्यावर उभं राहिलं तरी खाली नुसती हिरवळ दिसते. त्या घळीच्या तळाशी एक डोह आहे. तो जेठातही आटत नाही. गावतलाव आटतो. दर वर्षी नाही, पण आटतो. मग मरळ, मागूर सगळं संपतं. अशा वर्षी पाऊस लागल्यावर ढिवर त्या डोहातून मरळीच्या आणि मागुराच्या जोड्या धरायचे, पाण्यानं भरलेल्या गुंडीत घालून डोक्यावरून पहाडी ओलांडून आणायचे आणि तलावात सोडायचे. डोह म्हणजे त्यांच्या तलावाचं बियाणं. ढिवराचा पोरगा पहिलं जाळं स्वतःच्या हातानं विणून पुरं करायचा, तेव्हा बाप त्याला डोह दाखवायला न्यायचा. आणि दाखवताना सांगायचा की हे आपल्या घरांबाहेर जायचं नाही.

याला कारण होतं. पूर्वी असा आणखी एक डोह होता, अलीकडच्या नाल्यात. धनीरामच्या बापानं तो एका पाहुण्याला दाखवला. पाहुण्यानं आणखी कुणाला सांगितलं. मग बाहेरची माणसं आली, पाण्यात औषध टाकलं, आणि एका दुपारी लहानमोठा सगळा मासा पोट वर करून तरंगला. धनीराम तेव्हा बापाच्या मागं काठावर उभा होता. पुढं त्या नाल्यात मासा राहिलाच नाही. बाप मरेपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही म्हणतात.

तर असा तो माणूस. आणि याच माणसाला आम्ही जंगलाचा नकाशा करायला पुढं घातलं.

काही वर्षांपूर्वी गावानं सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरवलं. जे जंगल आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, त्यातला बांबू, तेंदू, मोह, मासा यांच्यावर गावाचा हक्क लागावा, असा तो दावा. त्यासाठी नकाशा लागतो, आणि तो गावानंच दाखवायचा असतो. गावातले भय्याजी दाव्याच्या समितीचे अध्यक्ष झाले. मला लिहितावाचता येतं म्हणून सभासद केलं. मोजणीचं काम शिकलेली एक मुलगी भंडाऱ्याहून आली, डिंपल नावाची. पायात बूट, पाठीवर पिशवी, हातात मोबाइलपेक्षा थोडं जाड यंत्र. आल्या दिवशी तिनं शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं.

"हे पहा, जे नकाशात येईल त्यावर तुमचा हक्क. जे येणार नाही, ते मागाहून मागायला फार कठीण जाईल. म्हणून आज काही हातचं राखू नका. कुठं पाणी आहे, कुठं देव आहे, कुठून काय आणता, सगळं दाखवा."

मग तिनं चुन्यानं जमिनीवर गाव काढलं, तलाव काढला, घोटपहाडी काढली. पाण्याच्या जागी कडुनिंबाचं पान ठेवायचं, देवाच्या जागी दगड, मोहाच्या जागी मोहाची टोळ, म्हणजे त्याचं बी. बाया पुढं आल्या. पुरुषांपेक्षा बायांनाच जास्त ठाऊक होतं. जिजा ओच्यात पानं घेऊन वाकून वाकून ठेवत चालली होती. तलावावर एक, नाल्यावर एक, झिऱ्यावर एक. पहाडीची रेघ ओलांडून तिचा हात पलीकडं गेला, तेवढ्यात मागं धनीराम खाकरला. जिजा थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ते पान तिनं परत ओच्यात टाकलं आणि सरळ उभी राहिली.

डिंपलनं पाहिलं. "आजी, तिकडं काही आहे का?"

जिजा ओचा सावरत बाजूला झाली. बोलला धनीराम. "तिकडं काही नाही बाई. दगडं हायेत."

तिथं ढिवरांची सगळी घरं बसली होती. शकुनबाई होती, जी कुणाचं ऐकून घेत नाही. धनीरामचा मुलगा भूपेंद्र होता. कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांच्यात वडील माणूस सभेत एकदा बोलला की त्याच्यावर दुसरा शब्द टाकत नाहीत. मी समजलो, खरंच दगडं असतील. मी पहाडीच्या पलीकडं कधी गेलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी हद्द चालायला निघालो. डिंपल, भय्याजी, मी, आणि वाट दाखवायला धनीराम. उन्हाळा लागायचा होता, पळसाला फुलं होती. डिंपल ठरावीक जागी थांबून यंत्रावर बिंदू घ्यायची. तिच्याजवळ एक छापील नकाशा होता, त्यावर तपकिरी रंगाच्या वळणावळणाच्या रेषाच रेषा. भय्याजींनी तो उलटा धरला आणि म्हणाले, "हे तं माह्या नातवानं गिरगोटलेलं दिसते."

डिंपल हसली. म्हणाली, एक रेषा म्हणजे एक उंची. रेषेवरून चालत गेलं तर ना चढ लागणार ना उतार. रेषा जवळजवळ आल्या की समजायचं, तिथं कडा आहे. भय्याजींच्या डोक्यात ते शिरलं नाही, माझ्याही अर्धवटच शिरलं. धनीराम मात्र वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"हे तं तलावासारखं हाये," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पानी खाली खाली जाते, तं गाळावर एकेक कोर उमटते. ह्या त्या कोरा."

"अगदी तेच आबाजी!" डिंपल खूश झाली. "मी आता सगळीकडं असंच सांगीन."

तोही थोडा खुलला. नकाशावर बोट ठेवून विचारू लागला, हा नाला का, ही आपली पाळ का. मला तेव्हा बरं वाटलं. शाळा सुटल्यापासून त्याला असं काही विचारताना मी पाहिलं नव्हतं. आता वाटतं, तो आपला डोह त्या कागदावर कुठं दिसतो का तेच शोधत असावा.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. डिंपल पलीकडच्या कडेला उभी राहिली, एकदा कागद पाहिला, एकदा खाली. "आबाजी, इथं रेषा एकदम जवळ आल्यात. खाली घळ असणार. पाणी असू शकतं. उतरून बघू या का?"

"खाली अस्वल हाये," धनीराम म्हणाला.

"खरंच?"

"पिल्लं घातलीत तिनं. माघारी फिरलेलं बरं."

भय्याजी तर लगेच चार पावलं मागं आले. मीही आलो. धनीराम माझ्याकडं पाहून म्हणाला, "तू जिंदगीभर बारूदच्या कारखान्यात राहिला, अन् अस्वलाले भेऊन राहिला?" सगळे हसले. डिंपलसुद्धा हसली. पण ती तिथून हलली नाही.

"अस्वल असू द्या, पाणी आहे का तेवढं सांगा. तुम्ही लोक जाता का तिकडं कधी? जात असाल तर मी लांबूनच बिंदू टाकते. हद्द खाली नेऊ."

धनीरामनं डोक्याचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "आमी कायले जाऊ तिकडं."

हद्दीची रेघ माथ्यावरूनच पुढं गेली. उतरताना धनीराम सगळ्यांच्या पुढं होता आणि त्याच्या चालण्यात एक हलकेपणा होता, जड ओझं नीट उतरवून ठेवलेल्या माणसासारखा. खाली घराशी आल्यावर त्यानं आम्हाला बळंच बसवलं, जिजाला चहा ठेवायला लावला. जिजानं चहा दिला, पण त्याचा कप त्याच्यासमोर जरा जोरात ठेवला.

"कुठवर गेलते?" तिनं डिंपलला विचारलं.

"माथ्यापर्यंत, आजी."

"अन् पलीकडं?"

"पलीकडं अस्वल आहे ना."

जिजानं नवऱ्याकडं पाहिलं. "हो का. अस्वल हाये का. बरं झालं, ह्यायले भेटलं." आणि आत निघून गेली. तिचा राग अस्वलावर नव्हता हे मला कळायला पुढची दोन वर्षं लागली.

तिनं त्या संध्याकाळी त्याला काय म्हटलं, ते पुढं तिनंच मला सांगितलं. ती म्हणाली, पोट्टी चांगली हाये, तिले सांगा, अजून वेळ हाये. तो म्हणाला, कागदावर चढलं म्हणजे गावभर झालं. आज पोरगी पाहते, उद्या तोच कागद ठेकेदार पाहीन. त्याच्या डोळ्यापुढं बापाचा डोह होता. जिजा म्हणाली, "तवा बोलून गमावलं, आता न बोलून गमावसान." त्यावर तो जेवणावरून उठला.

त्याचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही. जे त्याला ठाऊक होतं, त्यावरून तो बरोबरच वागत होता. कागदावर न चढलेली गोष्ट कागदाच्या जगात नसतेच, हे तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. कारखान्यात आयुष्य काढलेल्याला ते ठाऊक असतंच. पण मला डोहच ठाऊक नव्हता.

नकाशा छापून आला तेव्हा तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. लोक येऊन आपापली जागा शोधायचे. धनीराम आला, पहाडीच्या पलीकडच्या बाजूवर हात फिरवला. तिथं गर्द तपकिरी रेषा होत्या आणि काही नव्हतं. त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. दावा मंजूर झाला. गावानं तलावावर जेवण दिलं. धनीरामनं त्या दिवशी स्वतः जाळं टाकून मासे काढले आणि सगळ्या घरांना वाटले.

त्यानंतर पलीकडची बाजू वन्यजीवांसाठी राखलेल्या जंगलात गेली. कुणाच्या दाव्यात ती नव्हती, त्यामुळे कुणाची हरकतही आली नाही. माथ्यावर पांढरे खांब उभे राहिले. ढिवरांनी ते पाहिले, पण मनावर घेतलं नाही. तलाव भरलेला होता, डोहाकडं जायचं कारण नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायचं काम निघालं. सभेत सगळ्यांनी संमतीचे हात वर केले, ढिवरांनीही. तलाव पूर्ण कोरडा केला, गाळ शेतांत गेला. कुणालाच काळजी वाटली नाही, कारण ज्यांना मासा हवा होता त्यांना बियाणं कुठं आहे हे माहीत होतं.

पाऊस लागला. भूपेंद्र आणि तिघेचौघे गुंड्या घेऊन पहाडी चढले. माथ्यावर वनरक्षक होता. तरुण, नवा, बोलायला चांगला. म्हणाला, "दादा, ह्या खांबांच्या पुढं जाता येणार नाही."

"आमी आजापंजापासून जाऊन राहिलो."

"कुठं?"

भूपेंद्रनं बरोबरच्यांकडं पाहिलं. मग बोलला, "खाली. डोहावर."

वनरक्षकानं मोबाइलमध्ये गावाचा नकाशा काढून दाखवला. "हा तुमच्याच गावाचा ना? तुम्हीच दिला ना? डोह कुठंय यात?"

ते रिकाम्या गुंड्या घेऊन परत आले. भूपेंद्र दारातच म्हणाला, "बा, एक शब्द बोलले असते तं?" धनीराम जाळं विणत होता. मी सहज शेजारी बसलो होतो, ते कशाबद्दल बोलतात हे मला कळलं नाही. त्याचा हात थांबला नाही, पण मी पाहिलं, तो एकाच गाठीवर पुन्हा पुन्हा दोरा फिरवत होता.

ग्रामसभा भरली. तेव्हाच मला आणि निम्म्या गावाला डोहाचं पहिल्यांदा कळलं. भय्याजी चिडले. "अरे, त्या पोरीनं हात जोडाचे बाकी ठेवले होते! अस्वल म्हने!" शकुनबाई उभी राहिली. ती विधवा, धनीराम तिला नात्यानं भासरा, म्हणजे थोरला दीर; मरळ विकूनच तिनं पोरं वाढवली. जिवंत मरळ पाण्याच्या भांड्यात घालून ती लाखनीला बसायची, गिऱ्हाईक तिच्यासाठी थांबायचं. ती धनीरामला म्हणाली, "भासऱ्यानं बोललं म्हनून आमी तोंडाले कुलूप लावलं. कुलूप लावलं तं लावलं, चावी तरी घरात ठेवाची होती!"

काही लोक हसले. धनीराम उभा राहिला. सभेत तो फारसा कधी उभा राहत नसे. "शकुन बरोबर बोलून राहिली," एवढंच म्हणाला. आणि खाली बसला.

बाहेर पडल्यावर मी त्याच्या बरोबर चालत गेलो. मनात एक गोष्ट सलत होती. ती विचारायची वेळ नव्हती, तरी विचारली. "मलेही नाही सांगतलं गा, इतक्या वर्षांत?"

"तुले सांगून काय केलं असतं? तू तं मासेच नाही खात."

मी हसलो. तोही हसल्यासारखं करून गेला. घरी आल्यावर मात्र मला फार वेळ बरं वाटलं नाही.

डिंपल तोवर दुसऱ्या तालुक्यात काम करत होती. भय्याजींनी फोन केल्यावर ती आली. धनीराम तिच्यासमोर आला तो हात जोडूनच. ती संकोचली. "आबाजी, असं नका करू. पण मी तुम्हाला परत परत विचारलं होतं ना?"

"तू इचारलं होतं बाई. मीनंच नाही सांगतलं."

"भीती वाटली का माझी?"

"तुही नाही. कागदाची वाटली."

तिनं पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. पाहणीसाठी एका दिवसाची परवानगी मिळवली. चैत्रात आम्ही खांबांच्या पुढं गेलो. वनरक्षक बरोबर, डिंपल, भय्याजी, मी, आणि धनीराम पुढं. उतरायला वाट अशी नव्हती, पण मुळांना धरून पाय कुठं ठेवायचा ते त्याचे पायच सांगत होते. खाली पोचलो तर एकदम गार. जांभळीच्या मुळांखाली काळं, स्थिर पाणी, पलीकडच्या दगडाला टेकलेलं. वर सगळं वाळलेलं आणि इथं पाणी. मधेच पृष्ठभागावर काहीतरी हललं आणि वर्तुळ पसरलं.

"मरळ," धनीराम हळूच म्हणाला. "हवा घ्याले येते वर."

आम्ही सगळे पाहत राहिलो. पुन्हा एक वर्तुळ. मग आणखी एक, मोठं. वनरक्षकही म्हणाला, "किती आहेत!" धनीरामनं काठाशी बसून हात पुढं केला, मग वनरक्षकाकडं पाहिलं आणि मागं घेतला. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. डिंपलनं यंत्रावर बिंदू घेतला, फोटो काढले, त्याला विचारून विचारून लिहिलं. कोण कधी येत होतं, कुठल्या साली मासे नेले, वाट कुठून. तो न थांबता सांगत होता. जन्मभर गिळलेलं एका दुपारी बाहेर काढत होता, आणि ऐकणारे सगळे बाहेरचे.

अर्जाचं उत्तर यायला बरेच महिने लागले. डिंपल स्वतः सांगायला आली, स्कूटीवरून. पाळीवरच थांबली, घरात आली नाही. नकाशा गावानं स्वतः दिलेला, हद्द गावानं स्वतः चाललेली, आणि त्या बाजूला काही नाही असं भर सभेत सांगितलेलं. मंजूर झालेली हद्द आता वाढवता येत नाही. "वर आणखी एक अर्ज करता येईल," ती म्हणाली, "पण आबाजी, मी खोटी आशा देत नाही."

धनीरामनं मान हलवली. "तिथलं पानी तं राहीन ना?"

"राहील. कोणी हात लावणार नाही."

"औषधबिवषध?"

"नाही, आत कोणी जाऊच शकत नाही."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. आणि तिथंच खाली बसला. मी जवळ गेलो. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो तलावाकडं पाहत होता. त्याला हवं होतं ते तर झालं होतं. डोह वाचला होता, सगळ्यांपासून. त्यात तो स्वतःही आला.

तलावात आता मच्छीमार संस्थेनं बाहेरून आणलेलं बीज सोडतात. रोहू, कटला मोठे होतात, गाडी येऊन घेऊन जाते. वाईट चाललंय असं नाही. पण मरळ नाही. शकुनबाई लाखनीला बसत नाही, राइस मिलमध्ये कामाला जाते. रस्त्यात धनीराम दिसला तर बोलते, मनात ठेवलेलं नाही तिनं. भूपेंद्र ठेवतो. एका घरात राहून बापाशी कामापुरतं बोलतो. त्याचा मुलगा आता जाळं विणायला शिकतो आहे. ते पुरं झाल्यावर त्याला कुठं न्यायचं, हे त्या घरात कुणी बोलत नाही.

आणि धनीराम? तो बोलका झाला आहे. विश्वास बसणार नाही इतका. पाळीवर कुणीही येवो, मोटरसायकलवरून फोटो काढायला आलेली पोरं असोत, बांबूचा व्यापारी असो, शाळेचे नवे शिक्षक असोत, तो त्यांना थांबवतो आणि सांगतो. मोहाची कुठली झाडं आधी फुलतात, मध कुठल्या कड्यावर लागतं, झिरा कुठं आहे, मागूर तलावाच्या कुठल्या कोपऱ्यात बसायची. हातानं दिशा दाखवतो, खुणा सांगतो, समजलं का म्हणून विचारतो. ढिवरांची तरुण मुलं वैतागतात. जिजा ओरडते, "अवो, पुरे करा आता! ऐकाले कोनी बसलं हाये का?" तो ऐकत नाही. कुणी घाईत असलं तर त्याच्या बरोबर चार पावलं चालत जाऊन सांगतो.

परवा मी पाळीवरून चाललो होतो. त्यानं हाक मारली, जवळ बसवलं आणि सांगू लागला, की शाळेच्या मागच्या धानाच्या बांधीत, करंजीच्या बुडाशी, उकरलं की पाणी लागतं. ते मला माहीत होतं. लहानपणी आम्ही दोघंच तिथं ओंजळीनं पाणी प्यायलो होतो. तो माझ्या तोंडाकडं पाहत होता.

"कुठं म्हनतेस?" मी विचारलं. "नीट सांग बरं."

तो सरसावून बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.